आकाशपाळणा नको, आगगाडी चालेल

जत्रेतला आकाशपाळणा भरताना कधी नीट पाहिलाय? एक पाळणा खाली येतो, माणसं बसतात, कडी लागते, चाक एक घर पुढे सरकतं आणि थांबतं. मग पुढचा पाळणा. जो पहिला बसला तो लटकत लटकत वर जातो आणि खालचा पाळणा भरेपर्यंत टोकावर थांबून डुलत राहतो. चार वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका जत्रेत तो पहिला पाळणा आमचा होता. लेक तेव्हा पाच वर्षांची. खाली जनरेटर धडधडत होता, कर्ण्यावर गाणं लागलेलं, वर खाऱ्या वाऱ्याचा जोर. तिनं आधी कान झाकले, मग डोळे मिटले, मग किंचाळायला लागली आणि शेवटी कडी काढायला झेपावली. मी तिला मांडीवर ओढून दोन्ही हातांनी आवळून धरलं. खालून सासूबाई ओरडत होत्या, "अरे बाबा, चेडवाक उतरव रे!" पाळणेवाल्याचं उत्तर एवढंच, की अजून चार पाळणे भरायचेत.

उतरल्यावरही ती तासभर शांत झाली नाही. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं भित्री आहे, एक काका तर लाडानं बिघडवलीय म्हणून मोकळे झाले. गंमत अशी, की हीच मुलगी समुद्रावर गेली की छातीएवढ्या लाटेत उड्या मारते आणि बाहेर काढली तर रुसते. मग ही भित्री कशी?

कोकणात दिवाळी सरली की जत्रा सुरू होतात, मे महिन्यात चाकरमानी मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या बोटींपुढे रांगा लावतात, आणि शाळेची सहल खोपोलीच्या थीम पार्ककडे निघते. त्या काळात ओळखीपाळखीचे आईबाप मला हटकून एकच प्रश्न विचारतात: आमच्या पोराला कशात बसवू? त्याचं उत्तर राइडच्या नावात सापडत नाही. आधी थोडं मुलाच्या आत डोकवावं लागतं.

बारीक आसाचं जाळं

मासेमारीच्या जाळ्याला आस असतो, म्हणजे भोकाचा आकार. मोठ्या आसाच्या जाळ्यातून बारीकसारीक निसटून जातं, मोठी मासळी तेवढी राहते. आस बारीक असला तर चिंगूळ, शेवाळ, काटक्या, प्लास्टिक, सगळंच वर येतं आणि जाळं ओढता ओढवत नाही. आपला मेंदूही दिवसभर असंच जाळं टाकून बसलेला असतो. पंख्याची घरघर, कॉलरच्या लेबलाचं टोचणं, शेजारच्या घरातली फोडणी, हे बहुतेकांच्या जाळ्यातून निसटतं. काही मुलांच्या जाळ्याचा आस बारीक असतो. त्यांच्यापर्यंत सगळं पोचतं, आणि एकाच वेळी पोचतं.

यालाच संवेदी अतिसंवेदनशीलता म्हणतात. आईबापांच्या बोलण्यात तो 'सेन्सरी त्रास' होतो, आणि मीही पुढे तोच शब्द वापरणार आहे. उलट प्रकारचीही मुलं असतात. त्यांचं जाळं इतकं मोकळं, की त्यांना ढवळून काढणारं काहीतरी सतत हवं असतं. विनी डन या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) बाईंनी १९९७ मध्ये याचे चार गट मांडले: ज्यांना लवकर कळतच नाही ती, मुद्दाम शोधत जाणारी, चटकन त्रास होणारी आणि टाळणारी. पण एकच मूल एका बाबतीत शोधणारं आणि दुसऱ्या बाबतीत टाळणारं असू शकतं, हे लक्षात ठेवायला हवं. माझी लेक लाटा शोधते आणि कर्णा टाळते. तिच्यातलं कोडं तिथेच सुटलं.

पाच इंद्रियं शाळेत, आठ जत्रेत

शाळेत आपण डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा एवढीच शिकतो. राइडमध्ये खरा खेळ उरलेल्या तिघांचा असतो. पहिली तोलाची जाणीव: डोकं कुठे झुकलंय, किती वेगानं फिरतंय, वर जातंय की खाली. तिचं घर कानाच्या आतल्या भागात असतं. दुसरी सांध्यास्नायूंची: डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळतं ती. तिसरी पोटातली: भूक, लघवी, मळमळ, छातीची धडधड.

लाट अंगावर येते तेव्हा पाणी सगळीकडून दाबतं, पाय वाळूत रुततात, सांध्यांना भरपूर काम मिळतं. असा घट्ट, खोल दाब पुष्कळ मुलांना शांत करतो. बाळाला दुपट्यात आवळून गुंडाळायची आजीची रीत तीच. हलका, अचानक झालेला स्पर्श मात्र बोचतो. आकाशपाळण्यात पाय अधांतरी, अंगाला आधार नाही, पोट खालीवर. म्हणजे जे तिला हवं ते शून्य आणि जे नको ते सगळं.

कच्चं अंडं आणि ब्रेक डान्स

घरी करून बघा. कच्चं अंडं ताटात गरकन फिरवा, बोटानं क्षणभर थांबवा आणि बोट उचला. ते पुन्हा हळूहळू फिरायला लागतं. कवच थांबलं तरी आतला बलक थांबलेला नसतो.

आपल्या प्रत्येक कानात आतल्या बाजूला तीन अर्धगोल नळ्या असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या, आत द्रव भरलेल्या. डोकं फिरलं की नळी लगेच फिरते, द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या फरकावरून मेंदूला कळतं की आपण फिरतोय. फिरणं एकाच वेगानं चालू राहिलं तर थोड्या वेळात द्रव नळीच्या बरोबरीला येतो आणि खूण मिटते. अचानक थांबलं की अंड्यासारखं होतं. आपण उभे, द्रव फिरतोय, जग उलट्या दिशेला गरगरतंय.

म्हणून घोड्यांची चक्री आणि ब्रेक डान्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चक्री एकाच दिशेला, एकाच वेगानं जाते, कान सवय करून घेतात. ब्रेक डान्समध्ये खालचा पाट फिरतो, त्यावर बसायची खुर्ची वेगळी फिरते, दर क्षणाला दिशा बदलते. द्रव बरोबरीला येण्याआधीच नवा झटका. टोरा-टोरात त्यात वरखाली होण्याची भर. जहाज झुलतं तेव्हा टोकावरून खाली येताना पोटात गोळा येतो तो वेगळाच. तो फिरण्याचा नसतो, पडण्याचा असतो. काही मुलांना फिरणं चालतं पण पडणं मुळीच नाही. काहींचं नेमकं उलट.

घाटात एसटी लागणाऱ्या मुलाचं काय? तिथे कान म्हणतात वळतोय, आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे बघणारे डोळे म्हणतात जागचे हललो नाही. या भांडणातून मळमळ येते. आंबोली किंवा फोंडा घाटात ज्याला खिडकीतून लांबवर बघितल्यावर बरं वाटतं, त्याला उघडी, हळू, पुढे जाणारी राइड बहुधा सोसते. पडद्यावर दृश्य पळवून जागेवर हलवणाऱ्या बंद खोलीतल्या राइडपासून मात्र त्याला सांभाळून ठेवा.

उंचीची पट्टी काय सांगते, काय सांगत नाही

थीम पार्कमध्ये राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. एवढी उंची असेल तरच प्रवेश. ती पट्टी आडवा दांडा आणि पट्टा मुलाला नीट धरेल का, एवढंच सांगते. कानातल्या नळ्यांबद्दल तिला काही ठाऊक नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सेसमी प्लेस नावाचं लहान मुलांचं पार्क आहे. २०१८ मध्ये ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांना सांभाळून घेणारं म्हणून प्रमाणित झालेलं ते जगातलं पहिलं थीम पार्क. तिथे प्रत्येक राइडशेजारी फलक असतो: स्पर्श, चव, आवाज, वास, दृश्य, प्रत्येकाला १ ते १० गुण. कल्पना उत्तम. माझी तक्रार एकच, त्यात तोलाचा रकाना नाही, आणि राइडमध्ये निम्मं युद्ध तोलाचंच असतं. आपल्याकडे असा फलक कोण लावणार? तेव्हा वहीच्या मागच्या पानावर आपणच आखायचा, तोलाचा रकाना धरून. आणि तो भरताना राइडबरोबर फुकट काय काय येतं तेही लिहायचं.

उदाहरणार्थ किनाऱ्यावरचा उंट. चालतो संथ, म्हणून आपण बिनधास्त बसवतो. पण उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणजे वर बसलेलं मूल एकदम पुढे कोसळल्यासारखं होतं, मग पुढचे पाय आणि मागे झटका. त्यात त्याचा वास आणि गळ्यातली घुंगरं. आधी दुसऱ्या कुणाला बसवून, उंट उठताना मुलाला दाखवा, मग विचारा.

बनाना बोटीत वेगाची चिंता सगळे करतात. खरा घोळ शेवटी असतो, जेव्हा बोटवाला गंमत म्हणून ती मुद्दाम उलटी करतो. ज्याला पाण्याचा हबका नकोसा आहे त्याच्यासाठी ती गंमत नाही. 'पलटी नको' हे पैसे देण्याआधी स्पष्ट सांगायचं आणि पटलं का ते परत विचारायचं. शिवाय लाइफ जॅकेट. आधीच्याच्या अंगातून निघालेलं, ओलंगार, आत वाळू, खाऱ्या पाण्यानं कडक झालेले पट्टे. किती मुलं बोटीपर्यंत पोचतच नाहीत, जॅकेटपाशीच अडतात. जॅकेट सोडायचा पर्याय नाही हे उघड आहे. पण आत पूर्ण बाह्यांचा घट्ट पोहण्याचा सदरा घातला तर ओरखडा थांबतो, आणि पट्टा नीट आवळल्यावर दाबानं उलट बरं वाटतं असाही अनुभव आहे.

आवाज: किती आणि किती वेळ

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि त्याचा हिशेब किलोसारखा सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेत कामगारांसाठीची शिफारस आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलमध्ये जेमतेम १५ मिनिटं. ही मोठ्या माणसांच्या कानाची गोष्ट झाली, आणि तीही कान खराब होण्याची. बारीक आसाच्या मुलाला त्याच्या कितीतरी आधी असह्य होतं.

यावर सगळ्यात स्वस्त औषध अंतर. मोकळ्या मैदानात कर्ण्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. म्हणून जत्रेत शिरल्याबरोबर पहिल्या राइडकडे धावू नये. एक फेरी मारावी. जनरेटर कुठे, कर्ण्याची तोंडं कुठे, कडेला कुठली राइड आहे ते बघावं. तीच लहानांची आगगाडी एका जत्रेत कर्ण्याखाली असते, दुसरीत माडांच्या सावलीत. कानावर बसणारे जाड इअरमफ बरेच डेसिबल खातात. दिवसभर मात्र ते घालून ठेवू नयेत, कारण सतत शांततेची सवय झालेल्या कानाला साधा आवाजही मोठा वाटू लागतो. गर्दीच्या भागात घालायचे, बाहेर आलं की काढायचे.

पहिला प्रश्न: मधेच उतरता येईल का?

एवढं सगळं सांगितल्यावर, मला एकच प्रश्न विचारायची मुभा दिली तर मी हा विचारेन. वेग, उंची, भीती नंतर. मुलानं 'नको' म्हटल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत किती वेळ जाईल?

मिकी माऊसच्या हवेच्या गादीवरून मूल स्वतःच बाहेर येतं. झोपाळा हातानं थांबतो. पॅडल बोट दोन मिनिटांत काठाला वळवता येते. आगगाडीची फेरी लहान, चालक समोरच बसलेला, हात केला की थांबवतो. आकाशपाळणा किती का संथ असेना, तुम्ही टोकावर असाल तर चाक अर्धं फिरल्याशिवाय सुटका नाही. रोलर कोस्टर एकदा सुटला की सुटला. तो फार तर दोन-तीन मिनिटांचा असतो, आणि वेग शोधणारं मोठं मूल त्यात हसत बसतंही. पण सेन्सरी त्रासाचं मूल मधेच भेदरलं तर कडी काढायला जातं. तिथे गोष्ट रडण्यापुरती राहत नाही, जिवाशी येते. माझ्या अंगावर आजही त्या कडीच्या आवाजानं काटा येतो.

म्हणून क्रम असा: आधी उतरता येणाऱ्या, मग लहान फेरीच्या, आणि न थांबणाऱ्या राइड अगदी शेवटी, मूल स्वतः मागेल तेव्हाच. कितीही बघणारे असोत, पहिल्यांदा एकच फेरी.

पडवीतला झोपाळा, खाडीतली फेरीबोट

चाचणी घरी होते, तीही फुकट. पडवीतल्या झोपाळ्यावर मुलाला आधी पुढे-मागे झुलवा, वेगळ्या दिवशी आडवं, आणखी वेगळ्या दिवशी दोरी किंचित पीळ देऊन सोडा. दहा हेलकावे पुरेत. मग थांबून चेहरा बघा. पांढरा पडला, कपाळाला घाम, जांभया, कान लाल, हे सगळे 'बस' म्हणतात. सगळ्यात फसवी खूण म्हणजे गप्प होणं. मूल एकदम शांत झालं की आपल्याला वाटतं रमलं. कित्येकदा ते आतून दार लावून बसलेलं असतं. आणि त्रास लगेच दिसेलच असंही नाही. तोलाचा परिणाम रेंगाळतो, अर्ध्या तासानं जेवताना उलटी होते आणि बोल आपण मासळीला लावतो.

पुढची पायरी खरी राइड, पण सौम्य. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळची फेरीबोट मला यासाठी फार आवडते. सपाट, संथ, क्षितिज समोर, काही मिनिटांचा प्रवास, आणि नको वाटलं तर मूल गाडीत बसून काचा वर करू शकतं. भोंगा मात्र आधी सांगून ठेवावा. ती जमली की मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी. तिथे इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा वास जवळ असतो, लाटेवर डुलणंही जास्त.

"रडू दे, सवय होईल"

हे आमच्या घरीही ऐकलं. सवय होते, हे खरंच आहे. पण ती होते थोड्या थोड्या मात्रेनं, मुलाच्या हातात लगाम असताना. भरलेल्या कळशीत तांब्या ओतून कळशीची सवय होत नाही, पाणी सांडतं. सकाळची एसटी, उन्हाचा चटका, नव्या फ्रॉकची जर, दुपारचं उशिराचं जेवण, ही कळशी जत्रेत पाऊल टाकण्याआधीच गळ्यापर्यंत आलेली असते. मग एका पिपाणीनं ती सांडते आणि सगळे म्हणतात, एवढ्याशा पिपाणीला काय झालं?

हट्ट आणि हे सांडणं ओळखायची माझी एक ढोबळ खूण आहे. हट्टाचं रडू आपल्याकडे बघत बघत येतं आणि फुगा मिळाला की थांबतं. सांडलेल्या मुलाला फुगा, आइस्क्रीम, मोबाइल काहीही द्या, थांबत नाही, कारण ते मागतच काही नसतं. त्या वेळी समजावणं, ओरडणं दोन्ही आवाजच. गर्दीतून बाहेर न्यावं, कमी बोलावं, त्याला चालत असेल तर घट्ट जवळ घ्यावं.

"मग नेऊच नका ना"

हा सल्ला देणारे वाईट नसतात, पण त्यांना मी मानत नाही. आंगणेवाडीला किंवा महाशिवरात्रीला कुणकेश्वरला सगळं गोत जमतं. तिथून एका मुलाला कायमचं वगळायचं? वेळ बदला. संध्याकाळच्या दिव्यांआधी, दुपार कलताना राइड सुरू होतात तेव्हा रांग नसते, झगमगाट नसतो, पाळणेवाल्याला बोलायला सवड असते. थीम पार्कला सुट्टीचे दिवस टाळून आठवड्याच्या मधल्या वारी जा. पोट भरलेलं, पण तुडुंब नको. जत्रेची चार छायाचित्रं आधी दाखवा. निघायची वेळ सुरुवातीलाच ठरवा आणि सगळं छान चाललं असलं तरी तेव्हाच निघा. हे शेवटचं मला सगळ्यात जड जातं.

आणि वेग शोधणाऱ्या मुलांच्या आईबापांना वेगळं सांगणं: तुमचं मूल पाचव्यांदा ब्रेक डान्स मागेल आणि चक्कर आल्याचं दिसणारही नाही. तरी आकडा तुम्ही ठरवा. अशी मुलं पुढच्या राइडकडे गर्दीतून सुसाट सुटतात, हात सोडू नका.

"हा आजार आहे का? डॉक्टरांना दाखवायचं?"

नुसता सेन्सरी त्रास हा स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत नाही. २०१३ च्या आवृत्तीत तो ऑटिझमच्या लक्षणांत धरला गेला. पण ऑटिझम नसलेल्या कित्येक मुलांनाही तो असतो. तेव्हा जत्रेत रडलं म्हणून नाव चिकटवू नका. बोलणं उशिरा आलं असेल, नजर देत नसेल, केस कापणं, नखं काढणं, शाळेचा गणवेश यांवरून रोजचं जगणं अडत असेल तर मात्र दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत तपासणी होते आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात. ऑटिझमचं निदान झालंच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. फिट येणाऱ्या किंवा कानाचं दुखणं असलेल्या मुलाला लुकलुकत्या दिव्यांच्या, गरगर फिरणाऱ्या राइडमध्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नका.

पाळणेवाल्याशी बोलताना

'माझ्या मुलीला सेन्सरी त्रास आहे' असं सांगून काही होत नाही. मी सांगते: "दादा, हिला आवाजाचा त्रास होतो. मी हात वर केला की लगेच थांबवा, पैसे पूर्ण घ्या." पैशांचं आधीच बोललं की निम्मा वाद मिटतो. मुलीशी एक शब्द ठरलेला आहे, 'पुरे'. तो म्हटला की मी का, कशाला, अजून एकच, असलं काही विचारत नाही.

यंदाच्या जत्रेत साडेचारला पोचलो. दोन फेऱ्या आगगाडीच्या झाल्या, तिसरीच्या मध्यावर 'पुरे' आलं, मी हात केला, गाडी थांबली. आकाशपाळण्याकडे तिनं मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि पाळणे मोजले. अठरा. मग सासूबाईंना घेऊन गाडीत बसलो, काचा लावल्या आणि खाजे खाल्ले. म्हणजे मी खाल्ले. ती वरचा आल्याचा गूळ चोखते आणि आतली काडी मला देते.